गांधीजींचा जुना फोटो हाती आला, तर काय तपासायचं

२ ऑक्टोबर आणि ३० जानेवारी जवळ आले की गांधीजींचे तेच ते फोटो ग्रुपवर फिरू लागतात. अर्धे हार घालायला, अर्धे चिखल उडवायला. त्यातले सरळ बनावट फोटो त्यामानाने थोडे असतात. फोटो खरा आणि खालची ओळ खोटी, हा प्रकार जास्त. म्हणून सुरुवातीलाच तीन प्रश्न वेगळे करा. फोटोत कोणी फेरफार केलाय का? फोटो कधीचा, कुठला? आणि त्याच्या जोरावर जे ठासून सांगितलं जातंय, ते त्यातून खरंच निघतं का?

आधी जमेल तितकी मोठी प्रत मिळवा. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, म्हणून ज्याच्याकडून आला त्याला तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. एक्झिफ, म्हणजे फाइलमध्ये दडलेली तारीख-कॅमेऱ्याची माहिती, पाहण्यात वेळ घालवू नका. जुन्या फोटोत सापडलीच तर ती स्कॅनची तारीख असते. मग वरची-खालची मजकुराची पट्टी कापून फोटो गूगल लेन्स, यांडेक्स आणि टिनआय या फोटोवरून शोध घेणाऱ्या तिन्ही सेवांत टाका. टिनआयमध्ये निकाल 'सर्वांत जुना आधी' असे लावता येतात, तेच आपल्याला हवं असतं. काही सापडलं नाही तर फोटो आडवा उलटा करून, म्हणजे आरशातल्यासारखा करून, पुन्हा शोधा. ही पायरी बरेच जण गाळतात. आपल्या नोटेवरचं गांधीजींचं चित्रसुद्धा असंच आहे: १९४६ साली व्हाइसरॉय हाउसमध्ये ब्रिटिश मंत्री पेथिक-लॉरेन्स यांच्यासोबत काढलेल्या फोटोतून चेहरा कापून घेतला आणि उलटा केला. डावं-उजवं ठरवायला पाट्यांवरची अक्षरं आणि शेजारच्या पुरुषांच्या सदऱ्याची बटणपट्टी बघा. गांधीजींच्या पंचा-उपरण्यावरून काही ठरत नाही.

जोडकाम ओळखायचं तर हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. ६ जुलै १९४६ रोजी मुंबईत अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीत असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार मॅक्स डेस्फर यांनी गांधीजी आणि नेहरू एकमेकांकडे झुकून हसताना टिपले. त्यातले नेहरू काढून तिथे एक बाई बसवलेली प्रत वर्षानुवर्षं फिरते आहे. अशा प्रतीत कडा तपासा: केस, कान आणि खांदा जिथे मागच्या अंधाराला भिडतात तिथे एका चेहऱ्याची कड कापल्यासारखी आणि दुसऱ्याची मऊ दिसते. मग दाणा, म्हणजे फिल्मचे बारीक कण, बघा. एकाच निगेटिव्हवरचे दोन चेहरे एकाच जाडीच्या दाण्याचे असायला हवेत. शेवटी नाकाखालच्या सावलीची दिशा. 'एरर लेव्हल' दाखवून फेरफार कुठे झालाय ते सांगणारी वेबसाइट मात्र इथे फसवते. दहा वेळा फॉरवर्ड झालेल्या जेपेग फाइलमध्ये सगळंच संशयास्पद दिसतं.

एआयने 'स्वच्छ' केलेले फोटो ही नवी डोकेदुखी. त्यात तोंड बघा. उतारवयात गांधीजींचे बरेच दात पडलेले होते आणि कवळी ते जेवताना लावत. सुधारलेल्या प्रतीत हसणाऱ्या गांधीजींना पांढरेशुभ्र दात ओळीने उगवलेले दिसतात. रंगवलेल्या प्रतीतल्या कपड्यांच्या रंगावरूनही काही सिद्ध करू नका. तो रंग यंत्राचा अंदाज असतो.

आता तारीख. खरी मेहनत इथे आहे. पोशाख पहिली गाळणी: दक्षिण आफ्रिकेत बहुतेक वर्षं कोट-पँट, १९१५ ला परतल्यावर काठेवाडी फेटा-अंगरखा, मग काही काळ पांढरी टोपी, आणि २२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत सदरा-टोपी सोडून पंचा. पंचा नेसलेला फोटो १९१९ चा म्हणून आला तर पुढे बघायची गरज नाही. दुसरी गाळणी ठिकाणाची. २८ डिसेंबर १९३१ ला ते गोलमेज परिषदेहून मुंबईत उतरले, त्यानंतर ते परदेशी गेले नाहीत. गोऱ्या बाईबरोबर नाचणारे 'गांधी' इथेच गळतात: तो ऑस्ट्रेलियातल्या एका कार्यक्रमात गांधींचं सोंग घेतलेला नट आहे, आणि त्याचे भरलेले दंड बघूनच शंका यायला हवी. तिसरी तुरुंगाची. ९ ऑगस्ट १९४२ ते ६ मे १९४४ ते पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते. '१९४३ ची जाहीर सभा' अशी ओळ दिसली की ती खोडा. शिवाय सोमवारी त्यांचं मौन असे. भाषणाच्या फोटोवर नेमकी तारीख दिली असेल तर वार काढून बघा. एवढ्यावर फोटो बाद करू नका, पण जास्त खोदा.

यातून निभावला तर गांधीजींच्या संकलित वाङ्मयाकडे वळा. १०० इंग्रजी खंड नेटवर मोफत आहेत आणि पत्रं-भाषणं तारीखवार, बहुतेक ठिकाणी गावाच्या नावासह लावलेली आहेत. दिलेल्या तारखेच्या आगेमागे आठवडाभराचा मजकूर चाळा, त्या दिवशी गांधीजी कुठे होते ते बहुधा कळतं.

छायाचित्रकार कोण, यावरूनही बरंच उलगडतं. गांधीजींचे नातलग कनू गांधी यांना फोटो काढायची मुभा तीन अटींवर होती: फ्लॅश नाही, पोझ नाही, आश्रमाचा पैसा नाही. ते रोलायफ्लेक्स कॅमेरा वापरत, त्यात चौरस निगेटिव्ह येते. तेव्हा मागच्या भिंतीवर फ्लॅशची काळी सावली पडलेला फोटो 'कनू गांधींचा' म्हणून आला तर शंका घ्या. आडवा फोटो आला तर तो कापलेला असू शकतो, पूर्ण चौकट शोधा. प्रश्न नेहमी हाच: त्या क्षणी तिथे कॅमेरा कोणाकडे होता? नथुराम गोळी झाडताना दिसतो तो फोटो या प्रश्नावर टिकत नाही. खुनाच्या क्षणाचा फोटो उपलब्ध नाही. फिरतं ते चित्र 'नाइन अवर्स टू रामा' या १९६३ च्या चित्रपटातलं आहे.

कागदी प्रत हातात असेल तर दहापट भिंगाखाली धरा. ठिपक्यांची जाळी दिसली तर तो मासिकातून कापलेला छापील तुकडा आहे. गडद भागाच्या कडेला चंदेरी झाक असेल तर जुन्या जिलेटिन-सिल्व्हर प्रतीची, म्हणजे चांदीच्या क्षारांच्या कागदावर काढलेल्या कृष्णधवल प्रतीची, शक्यता वाढते. कागद प्लॅस्टिकसारखा लागला तर प्रत १९६० च्या दशकानंतरची. अतिनील टॉर्चखाली निळसर-पांढरा चमकला तर कागद साधारण १९५० नंतरचा. चमकला नाही तर त्यावरून जुनेपण सिद्ध होत नाही. अल्बममधून ओढून काढू नका. ६०० डीपीआयवर रंगीत मोडमध्ये टिफ स्कॅन करा, स्कॅनरचं धूळ-काढणं आणि शार्पनिंग बंद ठेवा आणि मागची बाजूही स्कॅन करा. शिक्का, पेन्सिलीने लिहिलेला नंबर, स्टुडिओचं नाव हे सगळं पाठीवरच असतं.

राहिला दावा. १८९९-१९०० मधला, बोअर युद्धातल्या भारतीय रुग्णवाहक पथकाचा फोटो खरा आहे. त्यावर 'गांधी इंग्रजांचे सैनिक' असं लिहिणं खोटं, कारण हे पथक जखमींना डोलीतून वाहून नेत होतं. पण साम्राज्याच्या युद्धात ते स्वखुशीने उतरले हे लपवून फोटो टाकणंही अर्धवटच. तसाच लाल किल्ल्यातल्या गांधी हत्या खटल्यातल्या आरोपींचा समूहफोटो. त्यात सावरकर बसलेले दिसतात. ते आरोपी होते एवढंच त्यातून कळतं. खाली ओळ लिहायची तर अशी लिहा:

'गांधी हत्या खटला, लाल किल्ला, दिल्ली, १९४८. बसलेले डावीकडून: नारायण आपटे, वि. दा. सावरकर, नथुराम गोडसे, विष्णू करकरे. १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात सावरकर निर्दोष सुटले. हत्येच्या कटाची नंतर चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाच्या १९६९ च्या अहवालाने मात्र कटाचा ठपका सावरकर व त्यांच्या गटावर ठेवला.'

दोन्ही बाजूंचे वाचक नाराज होतील, पण ओळ बदलू नका. निकालाचं वाक्य ठेवून अहवालाचं गाळलं, किंवा उलट केलं, की तुमचीही ओळ फॉरवर्डच्या रांगेत बसली.

एवढं करूनही अडलात तर राजघाटचं राष्ट्रीय गांधी संग्रहालय, मुंबईचं मणिभवन किंवा साबरमती आश्रम यांना लिहा. पत्रात फोटोची दोन्ही बाजूंची स्कॅन, मिळाला कुठून, आणि तुम्ही आधी काय काय तपासलंत हे द्या. 'हा फोटो खरा आहे का?' एवढंच विचारलं तर उत्तर देणं त्यांनाही कठीण. 'हा १९३० च्या मीठ सत्याग्रहातला दांडीचा की सुरतजवळच्या भीमराडचा?' असं विचारलं तर समोरच्या माणसाला नेमकं कुठलं कपाट उघडायचं ते कळतं.