खाऱ्या वाऱ्यात चासी कशी तपासावी

रत्नागिरीत मिऱ्या बंदराच्या वाटेवर माझं गॅरेज आहे. पान्याला आठवडाभर तेल नाही लावलं तर तो तांबडा होतो, एवढ्यावरून हवा ओळखा. ट्रॅकवर मोटरसायकल पळवणारी दोन-तीन पोरं येतात. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि तिच्याबद्दल त्यांचा एकच धोशा: "काका, कार्बनची चासी हलकी ना?"

कार्बन फायबरची चासी हलकी आहेच. बीएमडब्ल्यूच्या एचपी४ रेस या मोटरसायकलची कार्बन चासी ७.८ किलोची. पण वळणात गाडी साठ अंश झुकली की खड्डा शॉकपच्या रेषेत येत नाही, आडवा येतो. तो धक्का चासीनेच थोडं लवून गिळायचा असतो. डुकाटी कंपनीने २००९ ला मोटोजीपीत, म्हणजे मोटरसायकलींच्या सगळ्यात वरच्या जागतिक शर्यतीत, कार्बनची चासी आणली आणि त्यांचा रायडर केसी स्टोनर तिच्यावर जिंकलाही. २०११ ला त्यांच्याकडे व्हॅलेंटिनो रॉसी हा रायडर आला, तर पुढचं चाक काय करतंय ते त्याला कळेना. २०१२ ला डुकाटी अ‍ॅल्युमिनियमवर गेली. उलट केटीएम स्टीलच्या नळ्यांवर शर्यती जिंकली आणि २०२३ मध्ये कार्बन घेऊन उतरली. तेव्हा निव्वळ वजनावर भुलू नका.

आता हाताने तपासा. स्टील असेल तर कोनसेटमागची (हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं त्याच्या मागची) वेल्डिंग कापडाने पुसून बघा. रंगाला केसाएवढी चीर आणि तिच्यातून तांबडा ओघळ दिसला तर तिथला रंग खरवडाच. नळी आतूनही सडते, म्हणून पाणी निघायची भोकं तारेने मोकळी ठेवा. अ‍ॅल्युमिनियमवर बोल्टभोवती पांढरी भुकटी शोधा. तडा गेला असेल तर नाक्यावर वेल्डिंग मारून आणू नका. उष्णतेने आजूबाजूची धातू नरम पडते.

कार्बनचं नाणं वाजवून कळतं. आपण फणसावर टिचकी मारतो ना, तसंच, फक्त इथे 'बद्द' आवाज आला तर वाईट. सगळीकडे 'टक टक' आणि एका जागी 'बद्द' म्हणजे आतले थर सुटलेत. वरून रंग शाबूत दिसेल, फसू नका. गाडी पडली असेल तर ती बाजू बोटभर अंतराने वाजवा.

आणि आपल्या किनाऱ्यावरचं खरं दुखणं वेगळंच. कार्बनमधून वीज वाहते. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मधे खारं पाणी शिरलं की त्याची बॅटरीच होते. झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. एका पोराने कार्बनचा ब्रॅकेट अ‍ॅल्युमिनियमच्या स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) थेट आवळला होता. पावसाळा संपल्यावर बोल्ट हलेना. ड्रिलने काढला, आटे भुकटीसारखे बाहेर आले. म्हणून मधे फायबरग्लासचा थर किंवा नायलॉनचा वॉशर, बोल्ट शक्यतो टायटॅनियमचा. भाट्याच्या पुळणीवर गाडी नेलीत तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, आणि जोरदार फवारा कोनसेटवर मारू नका.