शिंगरू बघायला जायच्या आधी

पोरगं मागे लागलंय म्हणून किंवा आपल्यालाच हौस आली म्हणून लहान तट्टू घ्यायचं ठरलं की सगळे पहिला प्रश्न विचारतात, कितीला मिळेल? तो शेवटचा प्रश्न आहे हो. आधी घरी कागद-पेन घेऊन बसा. तुमच्या भागात खोगीर-लगाम घालून शांतपणे पोराला फिरवून आणणारं तयार तट्टू आज कितीला जातं ते दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या, विकणाऱ्याला नको, नुकतंच ज्यांनी घेतलंय त्यांना विचारा. समजा ७० हजार. आता समोरचं शिंगरू (घोड्याचं पिल्लू) दोन वर्षांचं आहे, म्हणजे हलक्या स्वारीला अजून वर्षभर तरी थांबायचंय. महिन्याला चंदी-वैरण, नाल-खुरं, जंताचं औषध मिळून ३ हजार धरा, वर्षाचे ३६ हजार झाले, वर चार महिने शिकवणाऱ्याचे ३ हजारांनी १२ हजार. ४८ गेले, राहिले २२ हजार. आकडे समजा म्हणून लिहिलेत, तुमचे तुम्ही घाला, पण हिशोब असाच घालायचा.

आता मालकाचं पण बघा, घोडी अकरा महिने गाभण, पुढं दोन वर्षं शिंगराला खायला घातलंय, तो २२ ला देणार नाही आणि का द्यावं त्यानं? आपली हौस म्हणून वर्षभराच्या खर्चातला थोडा आपल्या अंगावर घेतला तर २८-३० पर्यंत मला रास्त वाटतं. तो ४५ सांगेल आणि म्हणेल "पुढच्या साली याचे ७० येत्यात". येतील की, पण ते तुमच्या वैरणीनं आणि तुमच्या घामानं येणार, त्याला ते आज कशाला द्यायचे? वरचा आकडा घरीच ठरवून बायकोला किंवा भावाला सांगून ठेवा, तिथं शिंगराचे डोळे बघून माणूस पाघळतो.

वैरणीचं वेगळं सांगतो कारण आपल्या बेळगावकडं इथंच गणित चुकतं. खानापूर, चंदगडकडं घरात भाताचं पिंजार पडलेलं असतं, तेच टाकू म्हणून लोक खर्च धरत नाहीत. म्हशीचं भागतं त्यावर, वाढत्या शिंगराचं नाही. कडबा अथणी-गोकाककडून आणायचा तर गाडीभाडं धरा, वर भिजवलेले हरभरे, कोंडा. आणि त्या कोरड्या भागातलं जनावर खानापूरच्या पावसात आणून चिखलात बांधलं तर खुरं कुजतात, म्हणजे कोरडी जागा करायचा खर्चही आलाच.

बघायला जाताना सकाळी लवकर जा आणि फोनवर सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा, कारण तुम्ही यायच्या आधी दमवून शांत केलेलं तट्टू खूप शहाणं दिसतं. म्होरकी (तोंडाला बांधायची दोरी) तुमच्यासमोर घालायला सांगा. चारही पाय एकेक उचलून घ्या, मागचे उचलताना बाजूला उभं राहून. पाय देत नसेल तर तेवढंही शिकवलेलं नाही, मग "सगळं शिकवलंय" चे पैसे कमी. घट्ट जमिनीवर दुडकी चालीनं पळवून बघा, पुढचा एखादा पाय टेकताना दरवेळी डोकं वर झटकत असेल तर तो पाय दुखतोय. जवळ कुणाला तरी पत्रा वाजवायला सांगा, आपल्याकडं शिवजयंतीच्या मिरवणुकीत ढोल-डीजेत उभं करायचा विचार असेल तर हे आधीच कळलेलं बरं.

वय तोंडात बघा. मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या आसपास पडून पक्के येतात, त्याच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. मालक तीन म्हणतोय आणि पुढं सगळे बारके पांढरे दुधाचेच दात दिसतायत तर तुमचा वर्षभराचा खर्च त्यानं एका वाक्यात उडवलाय. किंमत लगेच खाली.

टेप न्या. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११८८० केलं की वजन अंदाजे किलोत येतं. घेर १४०, लांबी १२५ असेल तर २०६ किलो. वाढ पूर्ण झालेल्यानं त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकं ओझं खोगिरासकट घ्यावं, म्हणजे ४१ किलो, शिंगरानं त्याहून बरंच कमी. पोरगं आठवीत असेल तर विचार करा बघा.

नर असेल तर खच्ची केलाय का विचारा, नसेल तर तो खर्च कमी करून घ्या, पोरांच्या हाताखाली न केलेला नर मी तरी देणार नाही. चावणं, लाथ, अडून बसणं अशी खोड स्पष्ट शब्दांत विचारा. भोवरे-खुणा शुभ-अशुभ यावर माझा विश्वास नाही, पण पुढं विकायची वेळ आली तर घेणारा बघणारच, म्हणून भाव पाडायला चालतं.

पैसे द्यायच्या आधी रक्त तपासा. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गाचा रोग माणसालाही होतो आणि त्यावर घोड्याला इलाज करत नाहीत, मारावंच लागतं, त्यामुळं "अहो आमच्याकडं कुठला रोग" वर जाऊ नका. धनुर्वाताची लस कधी दिली तेही विचारा, घोड्याला धनुर्वात पटकन होतो. डॉक्टर शक्यतो घोडे हाताळलेला बघा, मालकाचा ओळखीचा नको.

चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेसारख्या ठिकाणी गेलात तर हेडी (जनावरांचा दलाल) टॉवेलाखाली बोटं धरून बोलणी करायला बघेल, तुम्हाला ते येत नसेल तर सरळ तोंडानं आकडा बोला, लाजायचं काय त्यात. इसार थोडाच द्या आणि कागदावर लिहून घ्या: रंग, खुणा, वय, रक्ताचा रिपोर्ट खराब आला तर इसार परत. कागद कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल तर सही करायच्या आधी कुणाकडून तरी वाचून घ्या. गडहिंग्लजकडून इकडं बेळगावला किंवा इकडून तिकडं न्यायचं असेल तर प्रवासाला जनावर ठीक असल्याचा पशुवैद्याचा दाखला लागतो, तो गाडीत ठेवा. टेम्पोचं भाडं कोण देणार ते भाव ठरतानाच बोलून घ्या, नंतर त्यावरूनच तोंडं वाकडी होतात.