लवचीक सांधे ताणायचे नाहीत, आवरायचे

योगवर्गात पहिल्याच दिवशी तळवे जमिनीला टेकले की बाईचं कौतुक होतं. गडबड तिथूनच सुरू होते. अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडं जोडणारे पट्टे, सैल असले की सांधा मर्यादेपलीकडे जातो, तिथे स्नायू सुस्तावतात आणि सगळा भार त्या सैल अस्थिबंधांवरच पडतो. हा सैलपणा पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त. काहींना पाळीच्या सुमारास किंवा गरोदरपणात तो वाढल्याचं जाणवतं.

बायटन चाचणी घरी करता येते. करंगळी 90 अंशांपलीकडे मागे जाते का, अंगठा मनगटापुढच्या हाताच्या (कोपराखालच्या भागाच्या) आतल्या बाजूला टेकतो का, कोपर आणि गुडघा 10 अंशांहून जास्त उलटे वाकतात का? प्रत्येक बाजूचा 1 गुण. गुडघे सरळ ठेवून तळवे जमिनीला टेकले तर आणखी 1. वयात आल्यापासून पन्नाशीपर्यंत 9 पैकी 5 किंवा जास्त गुण आले तर सांधे अतिलवचीक समजतात. दुखत नसेल तर हा आजार नव्हे.

आधी उभं राहणं सुधारा. आरशाकडे कूस करून उभं राहून पाहा, गुडघा मागे ढकललेला दिसेल. तो केसभर सैल सोडा. भाजी चिरताना, रांगेत उभं असताना, सगळीकडे हेच.

मग ताकद. आडवं पडून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती 5 सेकंद दाबा. असं 10 वेळा. गुंडाळी काढू नका, तीच गुडघ्याला उलटं जाण्यापासून अडवते. भिंतीवर दंड काढताना कोपर पूर्ण सरळ करायचं नाही. आठवड्यातून 3 दिवस पुरे. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच असेल तर पुढच्या वेळी संख्या निम्मी करा. आसनं सोडायची गरज नाही, पण जिथवर जाता येतं त्याच्या बरंच अलीकडे थांबा. शिक्षकांनी पाठीवर दाब दिला तर सरळ नाही म्हणा.

चालायला सुरुवातीला नागपूरच्या सेमिनरी हिल्स टेकडीचा उतार नको, फुटाळा तलावाचा सपाट काठ बरा. अशा काही बायकांना उभं राहिल्यावर चक्कर येते, धडधडतं. नागपूरच्या मे महिन्यात हे वाढतं, म्हणून सकाळी साडेसहाच्या आत घरी परता. चक्करीसाठी मीठ वाढवायचं असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

सांधा वारंवार निखळत असेल, बधिरपणा किंवा बेशुद्धी येत असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जा. आणि कूलरमध्ये बादल्या ओतणं बंद. खांदा बहुधा तिथेच दगा देतो. नळाला पाइप लावा.