आधी खडू, मग ठोकळे

मुलांनी एकावरून दुसऱ्यावर पाय टाकत जायचे रबरी ठोकळे मैदानात बसवायचं ठरलं की लगेच ऑर्डर देऊ नका. आधी खडूने जमिनीवर ठोकळ्यांच्या मापाची वर्तुळं काढा आणि जी मुलं तिथे खेळणार आहेत त्यांनाच त्यावरून चालू द्या. आमच्या सोसायटीतली एक मुलगी पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, लावून चालते. दोन वर्तुळांमधलं अंतर तिला नीट जमलं, पण दुसऱ्या वर्तुळावर ती थांबली आणि कुबडी टेकायला जागा शोधू लागली. पाऊल मावत होतं, कुबडी मावत नव्हती. मग आम्ही जास्त व्यासाचे ठोकळे घेतले.

सगळे ठोकळे एकाच मापाचे नकोत. एक रांग बुटकी, जवळजवळ ठोकळ्यांची आणि बाजूला धरायला कठडा असलेली ठेवा; दुसरी उंच, लांब ढांगांची. दोन्ही रांगा एकाच जागी संपू द्या. सावकाश येणारं मूल तिथे पोचेल तेव्हा बाकीची पोरं तिथेच असली पाहिजेत, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. व्हीलचेअरसाठी शेजारून किमान 90 सेंटिमीटर रुंद पक्की वाट हवी, वळायला 150 सेंटिमीटर जागा हवी, आणि चढ 1:12 पेक्षा तीव्र नको. वाटेवर वाळू किंवा खडी टाकू नका, चाकं रुततात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, तेव्हा व्हीलचेअरची सोय झाली की काम संपलं असं समजू नका. कमी दिसणाऱ्या मुलासाठी ठोकळा आणि जमीन यांचे रंग अगदी वेगळे हवेत. राखाडी जमिनीवर पिवळा उठून दिसतो. गोंगाटाने बावरणाऱ्या मुलासाठी थोडं लांब, शांत बाकडं ठेवा.

नमुना हातात आल्यावर कड नखाने खरवडा. दाणे सुटत असतील तर परत पाठवा. काळं रबर मे महिन्यात भयंकर तापतं, म्हणून नमुना दुपारी दोनला उन्हात ठेवून त्यावर तळहात टेकवून बघा. सावलीची जागा निवडा, पण जांभळाखाली नको. पडलेली फळं चिरडून घसरगुंडी होते.

गवंड्याला आधीच सांगा: कोब्याला निचऱ्यापुरता उतार हवा, बोल्टची डोकी आत बसवून वर बूच हवं, पोकळ ठोकळ्याखाली पाणी साचता कामा नये, नाहीतर डास होतात. चारही बाजूंना दीड मीटर मोकळं ठेवा. तिथे ना कुंडी, ना दगडी कड.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की प्रत्येक ठोकळ्यावर उभं राहून तो हलतो का ते बघा, आणि शेवाळ धरू लागलं की ताठ ब्रशने घासून काढा. ब्रश कुठे ठेवला आहे आणि या आठवड्यात पाळी कोणाची, हे जिन्याखालच्या फळ्यावर लिहून ठेवा.