प्रवासासाठी साधा, सुटसुटीत कॅमेरा कसा निवडावा

प्रवासाला नेण्याजोगा साधा कॅमेरा कोणता घ्यावा, असे मला वर्षातून चार-पाच वेळा तरी कोणी ना कोणी विचारते. विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा दुकानातून आणलेले एक पत्रक असते आणि त्यावर मेगापिक्सेल व झूम हे दोनच आकडे ठळक छापलेले असतात. या दोन आकड्यांवरून निवडलेला कॅमेरा दुसऱ्या सहलीपर्यंत कपाटात जातो, हे मी स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या घरी पुरेसे पाहिले आहे. म्हणून हा क्रम लिहून काढत आहे. ज्यांना लेन्स बदलण्याचा खटाटोप नको आहे, खिशात किंवा खांद्यावरच्या छोट्या पिशवीत मावणारा एकच कॅमेरा हवा आहे आणि किती खर्च करायचा हे ज्यांनी आधीच ठरवले आहे, त्यांच्यासाठी तो आहे.

पहिली पायरी: मागच्या दोन सहलींचे फोटो पाहा

दुकानात जाण्यापूर्वी फोनमधील जुने फोटो उघडा आणि फोन नेमका कुठे कमी पडला ते कागदावर लिहा. देवळाच्या गाभाऱ्यात, तिन्हीसांजेच्या बाजारात, भर उन्हात पडद्यावर काही दिसेना तेव्हा, की समोरच्या तटावर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा जवळ ओढताना? जर तो कुठेच कमी पडला नसेल, तर कॅमेरा घेऊ नका. चांगल्या उजेडात आणि झूम न करता काढलेल्या फोटोंत आजचा चांगला फोन आणि खिशातला कॅमेरा यांतला फरक थोडा असतो, हे मी कॅमेऱ्याचा पुरस्कर्ता असूनही सांगतो.

दुसरी पायरी: वजन

बॅटरीसह तीनशे-सव्वातीनशे ग्रॅमच्या वर जाऊ नका.

तिसरी पायरी: झूम, सेन्सर आणि लेन्सचे तोंड

सगळी फसगत इथेच होते. मीही इथेच फसलो, त्यामुळे या पायरीवर मी सर्वांत जास्त थांबणार आहे.

काही वर्षांपूर्वी आईला अजिंठा दाखवायला नेण्याचे ठरले, तेव्हा मी खास त्या प्रवासासाठी तीसपट झूमचा एक खिशातला कॅमेरा घेतला. दुकानदाराने काउंटरवरून रस्त्यापलीकडच्या पाटीवरची अक्षरे जवळ ओढून दाखवली आणि मला तेवढे पुरेसे वाटले. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभा राहिल्यावर खरी परीक्षा आली. चित्रांचे रंग टिकावेत म्हणून तिथे उजेड मंद ठेवलेला असतो, फ्लॅश वापरण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. मी दोन पावले मागे राहून झूम केले, श्वास रोखला आणि बारा-तेरा फोटो काढले. कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर ते सगळे सुबक दिसले. घरी संगणकावर उघडल्यावर त्यांतला एकही धड नव्हता. काही हललेले होते, तर काहींत बोधिसत्त्वाच्या चेहऱ्यावर रंगीत कणांचा थर चढला होता. आईच्या गुडघ्यांमुळे त्या पायऱ्या पुन्हा चढणे होणार नव्हते. ती हळहळ अजून गेलेली नाही.

असे का झाले, हे नंतर नीट समजून घेतले. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारी जी आयताकृती पाटी असते, ती म्हणजे सेन्सर. बहुतेक मोठ्या झूमच्या छोट्या कॅमेऱ्यांत ती ‘१/२.३ इंच’ या नावाची, म्हणजे साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरची असते. ‘एक इंच’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. त्याची कोणतीही बाजू इंचभर नसते, कारण हे नाव जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतील नळ्यांच्या व्यासावरून चालत आलेले आहे. मात्र त्याचे क्षेत्रफळ पहिल्याच्या चौपट भरते, आणि मंद उजेडात तेच कामाला येते. झूम जितके लांब, तितकी लेन्स मोठी लागते. ती खिशात मावायची असेल तर सेन्सर लहान करावा लागतो. तीसपट झूम आणि मोठा सेन्सर या दोन्ही गोष्टी सदऱ्याच्या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात एकत्र येत नाहीत. कोणी त्या देऊ करत असेल, तर त्याचे ऐकू नका.

दुसरी बाब लेन्सच्या तोंडाची, म्हणजे ॲपर्चरची. लेन्सभोवतीच्या कड्यावर बारीक अक्षरांत आकड्यांच्या दोन जोड्या छापलेल्या असतात. सोनी आरएक्स१०० मार्क ३ च्या कड्यावर ‘१.८–२.८’ आणि ‘८.८–२५.७’ असे आकडे आहेत. दुसरी जोडी लेन्सच्या खऱ्या केंद्रांतराची (फोकल लेंग्थची) आहे; हा आकडा जितका लहान, तितके दृश्य रुंद मावते आणि जितका मोठा, तितके दूरचे जवळ येते. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याशी तुलना करता ती २४ ते ७० मिलिमीटर मानली जाते, आणि पुढचे मिलिमीटरचे आकडे याच तुलनेतले आहेत. पहिली जोडी सांगते की झूम न करता तोंड एफ १.८ पर्यंत उघडते आणि पूर्ण झूम केल्यावरही एफ २.८ पर्यंत उघडे राहते. याउलट २४ ते ७२० मिलिमीटर झूमच्या एखाद्या खिशातल्या कॅमेऱ्यावर ‘३.३–६.४’ असे आकडे दिसतात. आकडा जितका मोठा, तितके तोंड लहान, ही उलटी रीत एकदा लक्षात ठेवावी. एफ २, एफ २.८, एफ ४, एफ ५.६ या क्रमातील प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. लेण्यात एफ २ ला सेकंदाचा पंधरावा भाग पुरत असेल, तर एफ ५.६ ला अर्धा सेकंद लागतो. पहिला फोटो खांबाला टेकून हातात धरून निघतो. दुसरा निघत नाही, आणि कॅमेऱ्याने तो काढायचाच ठरवला तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, चढवून प्रतिमेत कण भरतो.

यावर दुकानात हमखास सांगितले जाते की कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन आहे, काळजी करू नका. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप सावरते; समोरचा माणूस हलला तर त्याला काही करता येत नाही. भिंतीवरच्या चित्राला त्याचा उपयोग होईल, पण वारीत फुगडी घालणाऱ्या बायका किंवा संध्याकाळी घाटावर दिवे सोडणारी मुले स्थिर मिळणार नाहीत. तिथे मोठा सेन्सर आणि उघडे तोंड हेच दोन उपाय आहेत.

आता झूमविषयीचे माझे मत स्पष्ट लिहितो. प्रवासात दूरच्यापेक्षा जवळचे मावत नाही, ही अडचण जास्त वेळा येते. वेरूळच्या कैलास लेण्याच्या अंगणात किंवा जुन्या वाड्याच्या चौकात मागे सरकायला जागाच नसते, त्यामुळे लेन्सची सुरुवात २४ मिलिमीटरपासून असणे मला आवश्यक वाटते. २८ पासून सुरू होणाऱ्या कॅमेऱ्यात भिंत पाठीला लागली तरी शिखर सुटते. वरच्या टोकाला ७० ते १०० मिलिमीटर असले की चेहरा, कोरीवकाम, दीपमाळ हे सारे येते. त्याहून लांब झूम महाबळेश्वरच्या एखाद्या पॉइंटवरून समोरच्या डोंगरावर लावून पाहा. उन्हाळ्यात मधल्या हवेतील धुरकट थर डोंगराइतकाच जवळ येतो. ताडोब्यातला वाघ आणि भिगवणचे पक्षी यांसाठी लांब झूम लागते हे खरे, पण ते काम खिशातल्या कॅमेऱ्याचे नाही. डिजिटल झूम तर घरी आल्याबरोबर सेटिंगमध्ये जाऊन बंद करावे, कारण तो फोटोचा मधला भाग कापून ताणण्याचा प्रकार आहे.

म्हणून माझी शिफारस एकाच साच्याची आहे: एक इंच सेन्सर, २४ पासून ७० किंवा १०० पर्यंतची लेन्स, आणि कड्यावर १.८–२.८ हे किंवा त्याच्या आसपासचे आकडे. आरएक्स१०० मार्क ३ आणि कॅनन जी७ एक्स मार्क २ हे दोन्ही या साच्यात बसतात. रिको जीआर ३ मध्ये याहून बराच मोठा एपीएस-सी सेन्सर आहे आणि प्रतिमा अप्रतिम येते, परंतु लेन्स २८ मिलिमीटरची एकच, झूम अजिबात नाही. स्वतःच्या पायांनी पुढे-मागे होण्याची सवय ज्यांना आधीपासून आहे त्यांनी तो जरूर घ्यावा. पहिला कॅमेरा घेणाऱ्याला मी तो सुचवत नाही.

मेगापिक्सेलविषयी एवढेच की २० पुरतात. ए-३ आकाराच्या उत्तम छपाईला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) सुमारे साडेसतरा लागतात, आणि त्याहून मोठा फोटो आपण घरात किती वेळा लावतो?

हे सारे वाचून झाले तरी दुकानात पुढील चाचणी केल्याशिवाय पैसे देऊ नका. स्वतःचे मेमरी कार्ड बरोबर न्या. काउंटरखालच्या अंधाऱ्या कप्प्यात एखादे छापील खोके ठेवायला सांगा आणि फ्लॅश बंद करून त्याचा एक फोटो झूम न करता व एक पूर्ण झूम करून घ्या. मग आयएसओ १६०० आणि ३२०० वर ठेवून तेच पुन्हा करा. त्यानंतर दुकानातल्या कोणाला तरी समोरून चालत यायला सांगून त्यांचा एक फोटो काढा. निकाल कॅमेऱ्याच्या पडद्यावर लावू नका, कारण तीन इंचांच्या पडद्यावर सगळेच धारदार दिसते आणि माझी फसगत त्यानेच केली होती. कार्ड घरी आणा, संगणकावर फोटो पूर्ण आकारात उघडा आणि खोक्यावरची सर्वांत बारीक ओळ वाचता येते का ते पाहा. जो दुकानदार एवढे करू देत नाही, त्याच्याकडून कॅमेरा घेऊ नये.

चौथी पायरी: उन्हात पाहा

कॅमेरा दुकानाबाहेर उन्हात नेऊन पडद्यावर काही दिसते का ते तपासा. कासच्या पठारावर दुपारी बाराला पडदा काळाठिक्कर दिसतो आणि अंदाजाने फोटो काढावे लागतात, म्हणून शक्य असेल तर डोळ्याला लावून पाहण्याचा व्ह्यूफाइंडर असलेला कॅमेरा घ्यावा. वर सांगितलेल्या दोहोंपैकी आरएक्स१०० मार्क ३ ला तो आहे, जी७ एक्स मार्क २ ला नाही. ज्यांना जवळचा चष्मा लागला आहे त्यांना त्याचा आणखी एक फायदा होतो. व्ह्यूफाइंडरला नंबर जुळवण्याची छोटी तरफ किंवा चाक असते, त्यामुळे प्रत्येक फोटोसाठी चष्मा चढवावा-उतरवावा लागत नाही. माझ्या आत्याने हंपीत तीन दिवस केवळ याच सोयीच्या जोरावर फोटो काढले. आधीच्या कॅमेऱ्याला ती चष्म्यापायीच कंटाळली होती.

पाचवी पायरी: बटणे

फोटो उजळ किंवा गडद करण्याची सोय, म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, मेनूत न शिरता एका चाकाने करता आली पाहिजे. बाकीच्या शंभर सोयींकडे दुर्लक्ष केले तरी चालते.

सहावी पायरी: नवा की वापरलेला

कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत खिशातल्या कॅमेऱ्यांची बरीच मॉडेल्स बंद केली आहेत, त्यामुळे चांगला कॅमेरा वापरलेला मिळण्याचीच शक्यता अधिक. नवा घेताना पक्के बिल आणि भारतातील वॉरंटी या दोन गोष्टी सोडू नका; ‘बिलाशिवाय स्वस्तात देतो’ म्हणून मिळालेल्या कॅमेऱ्याला पुढे कोणी वाली नसतो.

वापरलेल्या कॅमेऱ्यात दोन दोष शोधावेत. पहिला बुरशीचा, जो कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत राहिलेल्या कॅमेऱ्यांत विशेष आढळतो. कॅमेरा चालू करून लेन्स बाहेर येऊ द्या आणि तिच्यावर तिरका टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर कितीही स्वस्त असला तरी परत द्या. दुसरा दोष आत गेलेल्या धुळीचा. ही लेन्स आत-बाहेर होताना खिशातले बारीक कण ओढून घेते आणि ते सेन्सरवर बसतात. लेन्स निघत नसल्यामुळे ते घरी साफ करता येत नाहीत. त्यासाठी कॅमेरा कारागिराकडे देऊन खोलावा लागतो. ॲपर्चर एफ ११ वर नेऊन, पूर्ण झूम करून, निरभ्र आकाशाचा किंवा कोऱ्या कागदाचा फोटो काढा. राखाडी ठिपके जागच्या जागी दिसत राहिले, तर ती धूळ आहे. याच कारणासाठी नवा कॅमेराही नुसता खिशात न टाकता छोट्या कापडी पिशवीत ठेवावा.

पावसाळी भटकंतीविषयी वेगळे सांगायला हवे. वरच्या दोन्ही कॅमेऱ्यांना पाणी चालत नाही. जून ते सप्टेंबर सह्याद्रीत हिंडणे हाच ज्यांचा मुख्य प्रवास आहे, त्यांनी ऑलिंपस टफ टीजी-६ पाहावा. तो १५ मीटर खोल पाण्यात चालतो आणि सेन्सर लहान असला तरी लेन्स रुंद बाजूला, म्हणजे झूम न करता, एफ २ पर्यंत उघडते. इतरांनी पावसाळ्यात कॅमेरा झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि एसी गाडीतून उतरल्यावर तो लगेच बाहेर काढू नये. वीस-पंचवीस मिनिटे पिशवीत राहिला की काचेवर वाफ धरत नाही.

सातवी पायरी: निघण्याआधी

प्रवासाच्या किमान पंधरा दिवस आधी कॅमेरा घरी आलेला असावा आणि रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी त्याने घरातल्यांचे दहा फोटो काढावेत. बॅटरी दुसरी घ्या, कारण या छोट्या कॅमेऱ्यांची बॅटरी दोन-तीनशे फोटोंत संपते. विमानाने जाणार असाल तर सुटी बॅटरी चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. टोकांना चिकटपट्टी लावून ती हातातल्या पिशवीत ठेवा. ६४ जीबीच्या एका कार्डापेक्षा ३२ जीबीची दोन घ्या, आणि भरलेले कार्ड कॅमेऱ्याच्या पिशवीत न ठेवता पाकिटात ठेवा.