माजी सैनिकांच्या सवलती: अर्ज कुठे अडतो? या चुका टाळा

'दहा वर्षं वर्दीत काढली, म्हणजे मी माजी सैनिक' हा समज सर्वांत महागात पडतो. १ जुलै १९८७ पासून पुढे सुटलेल्यांच्या बाबतीत नुसती वर्षं मोजून भागत नाही. सुटण्याचं कारण काय आणि पेन्शन मिळाली की ग्रॅच्युइटी, हे पाहिलं जातं. पेन्शन बसल्यावर (जवानांना साधारण १५ वर्षांनी बसते) स्वतः अर्ज करून घरी आलात तरी दर्जा मिळतो. पेन्शन बसण्याआधी, ठरलेली मुदत अर्धवट टाकून स्वखुशीनं सुटलात तर मिळत नाही. उलट मुदत पुरी करून ग्रॅच्युइटी घेऊन आलेला शॉर्ट सर्व्हिस अधिकारी (ठरावीक वर्षांसाठीच भरती झालेला अधिकारी) पेन्शनशिवायही माजी सैनिक ठरतो. १९८७ पूर्वी सुटलेल्यांना त्या त्या काळाची व्याख्या लागू होते. आजचे निकष त्यांना लावू नका.

म्हणून आधी डिस्चार्ज बुक (सुटताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) उघडा आणि सुटण्याचं कारण लिहिलेला रकाना वाचा. 'स्वतःच्या विनंतीवरून' असा शेरा असेल तर पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) जोडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. मेडिकल बोर्डानं घरी पाठवलं असेल तर नुसता बोर्डाचा कागद पुरत नाही, अपंगत्व पेन्शन मंजूर झाल्याचा आदेश लागतो. नोंद चुकली असेल तर दुरुस्ती लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसकडून (सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडून) होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यासाठी खेटे घालू नका.

दर्जा मिळाला की सगळ्या सवलती आपोआप मिळतात, असंही नाही. ईसीएचएसची (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची) मूळ अट पेन्शनधारक असण्याची आहे. शॉर्ट सर्व्हिस अधिकाऱ्यांसाठी २०१९ मध्ये वेगळा आदेश निघाला, त्यांनी तो पाहावा.

नोकरीच्या अर्जात वयाचा हिशेब हमखास चुकतो. अनेक जण कमाल वयात नुसती ३ वर्षं मिळवून थांबतात आणि अर्जच करत नाहीत. केंद्राच्या गट क पदाची मर्यादा २७, तुमचं वय ४१ आणि लष्करी सेवा १७ वर्षं असेल, तर ४१ वजा १७ म्हणजे २४. हे उत्तर २७ अधिक ३, म्हणजे ३० पेक्षा जास्त नसलं की तुम्ही पात्र.

पहिली नागरी सरकारी नोकरी धरली की केंद्राच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना असलेल्या आरक्षणाचा हक्क संपतो. वयातली सवलत राहते. पण रुजू होण्यापूर्वीच इतरत्र अर्ज केले असतील, तर रुजू होताच त्या अर्जांची तारीखवार यादी स्वयंघोषणापत्रात लिहून नव्या कार्यालयाला द्या. १४ ऑगस्ट २०१४ च्या आदेशानुसार त्या अर्जांपुरतं आरक्षण टिकतं. ही यादी नंतर देऊ म्हणून राहून जाते आणि पुढची निवड हातची जाते. कंत्राटी किंवा खासगी नोकरीनं हा हक्क जात नाही.

अग्निवीराला चार वर्षांनंतर माजी सैनिकाचा दर्जा नाही, आणि त्याला शेवटी मिळणारी एकरकमी रक्कम, म्हणजे सेवा निधी, ही ग्रॅच्युइटी नव्हे. सीआरपीएफ, बीएसएफमधून निवृत्त झालेल्यांनीही 'माजी सैनिक' या रकान्यावर खूण करू नये. गृह मंत्रालयानं २०१२ मध्ये त्यांना माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस कर्मचारी असा वेगळा दर्जा दिला आहे.