मानसिक आरोग्य आधार कार्यकर्ता होण्यासाठी प्रशिक्षण कसे घ्यावे

वस्तीपातळीवर मानसिक आरोग्याचे काम करू इच्छिणाऱ्याने अभ्यासक्रम निवडताना प्रमाणपत्राच्या आधी एका गोष्टीची चौकशी करावी: प्रत्यक्ष लोकांबरोबर काम सुरू झाल्यावर आपल्या कामावर देखरेख कोण करणार आणि किती वेळा? ज्या संस्थेला याचे नेमके उत्तर देता येत नाही, तिच्याकडे प्रवेश घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे काम पुस्तकातून समजते. पण अंगवळणी पडते ते कोणीतरी आपले संभाषण ऐकून ‘इथे तुम्ही घाई केलीत’ असे दाखवून दिल्यावरच.

आपली मर्यादा पहिल्या दिवसापासून पक्की असावी. निदान करणे, औषध सुचवणे किंवा चालू औषध थांबवायला सांगणे हे कार्यकर्त्याचे काम नाही. ऐकून घेणे, त्रासाची तीव्रता ओळखणे, ताण हाताळण्याच्या साध्या पद्धती शिकवणे, गरज पडल्यास तज्ज्ञांपर्यंत पोहोचवणे आणि त्यानंतरही संपर्क ठेवणे ही त्याची कामे आहेत. यात कमीपणा मुळीच नाही. झिम्बाब्वेमध्ये मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘फ्रेंडशिप बेंच’ उपक्रमात प्रशिक्षित आज्या बाकावर बसून लोकांच्या अडचणी ऐकतात आणि त्यांना मार्ग शोधायला मदत करतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या उपक्रमाच्या चाचणीत, अशी मदत मिळालेल्यांची लक्षणे सहा महिन्यांनंतर इतरांपेक्षा कमी आढळली.

सुरुवात मानसिक प्रथमोपचारापासून, म्हणजे संकटात सापडलेल्या व्यक्तीला तातडीने द्यायच्या साध्या आधारापासून, करावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्यासाठी मार्गदर्शिका काढली असून तिचा गाभा तीन क्रियांचा आहे: पाहा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या. यांतली मधली क्रिया सर्वांत अवघड असते. सरावासाठी एका सहकाऱ्याला स्वतःची खरी, पण किरकोळ अडचण दहा मिनिटे सांगायला लावावी आणि तिसऱ्याने घड्याळ लावून आपण पहिला सल्ला कितव्या मिनिटाला दिला याची नोंद करावी. बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटालाच ‘तुम्ही असं करून बघा’ म्हणतात. हे वाक्य ओठांवर थोपवून धरता येईपर्यंत सराव करत राहावे.

त्यानंतर प्रश्नावल्या शिकाव्यात. नैराश्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-९ मध्ये मागील दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण आणि एकूण जास्तीत जास्त २७. नवखा कार्यकर्ता बेरीज पाहतो. पण बेरीज अवघी सहा आली आणि नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या प्रश्नाला, ‘काही दिवस’ असे उत्तर आले, तर तो कागद बाजूला ठेवून त्याच विषयावर सविस्तर बोलायला हवे. आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ शब्दांत विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट कोणीतरी विचारले, याने अनेकांना हायसे वाटते. हा प्रश्न उच्चारताना आवाज कापतो, म्हणून तो वर्गात मोठ्याने, पुन्हा पुन्हा म्हणून पाहावा. धोका जवळचा वाटला, तर त्या व्यक्तीला एकटे न सोडता तत्काळ वरिष्ठांना कळवावे.

गोपनीयतेचा अपवादही पहिल्याच भेटीत सांगावा: जिवाला धोका असेल, तर मला इतरांची मदत घ्यावी लागेल. हे आधी न सांगता नंतर कोणाला कळवले, तर त्या व्यक्तीला विश्वासघात वाटतो आणि तसे वाटणे रास्तच आहे.

नोंदी लिहिताना मत आणि निरीक्षण वेगळे ठेवावे. ‘निराश वाटल्या’ यापेक्षा ‘चार रात्री झोप नाही, दोनदा रडल्या, मुलीबद्दल बोलताना थोड्या हसल्या’ ही नोंद पुढच्या माणसाच्या उपयोगी पडते. देखरेख करणाऱ्यांसोबतच्या बैठकीत आपल्याला जड गेलेली भेट आधी मांडावी, चांगली झालेली नंतर. स्वतःची झोप उडाली असेल, तर तेही तिथेच सांगावे.

पहिली भेट घेण्यापूर्वी परिसरातील दवाखाने, मदतवाहिन्या आणि निवाऱ्याच्या सोयी यांची यादी स्वतः तयार करावी. त्यातील प्रत्येक क्रमांकावर एकदा फोन लावून तो कोण उचलते, किती वाजेपर्यंत उचलते आणि पहिल्यांदा येणाऱ्याला सोबत काय आणायला सांगते, हे यादीतच लिहून ठेवावे.